नवीन गोठ्याचा नमुना

माझी धाकटी जाऊ शहराबाहेरच्या दूध कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करते. सकाळी टँकर येतात, ड्रायव्हर नमुन्याची बाटली आणून देतो. ती वास घेते, तापमान बघते, थेंबभर दूध कशात तरी मिसळते आणि मग मान हलवते किंवा हलवत नाही. मान हलली नाही की अख्खा टँकर आल्या वाटेने परत. ड्रायव्हर लोक तिला नापासबाई म्हणतात. तिला हे माहीत आहे, आणि माझा अंदाज असा की आवडतंही. एकदा एकाच्या तोंडून तिच्यासमोरच निघून गेलं, "नापासबाई, जरा लवकर बघा की." तिने वर न बघता सांगितलं, "लवकर हवं असेल तर आत्ताच नापास करते."

इतक्या कडक बाईच्या मागे काहीतरी घडलेलं असणार, असं सगळ्यांना वाटतं. लहानपणी नासकं दूध पिऊन घरात कुणी दगावलं असेल, वडिलांना कुणी भेसळीत फसवलं असेल. ती लग्न होऊन आली तेव्हा मीही आडून आडून विचारून पाहिलं. तसलं काही नाही. तिला शिकायचं होतं गणित. तिथल्या जागा भरल्या होत्या, आणि शेजारच्या खिडकीवर सूक्ष्मजीवशास्त्राच्या अर्जांची रांग लहान होती. बाकी सगळी सवय.

ही सवय ती घरी घेऊन येते. पाण्याचा पेला आधी उजेडात धरते, मग तोंडाला लावते. आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिने माझ्या फ्रिजमधल्या डब्यांवर तारखांच्या पट्ट्या चिकटवल्या. दुसरी कुणी असती तर मी बोलले असते, पण माझा मुलगा तेव्हा रांगत होता आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालत होता. घरात आपल्याइतकंच घाबरणारं आणखी एक माणूस आलंय, या विचाराने मला हायसं वाटलं. शिवाय तिच्या घाबरण्याला पदवीचा आधार होता. माझं नुसतंच होतं.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. खालच्या मजल्यावर आम्ही आणि सासूबाई, वरच्या मजल्यावर दीर आणि धाकटी. दिराचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना दिसत नाही ते दाखवणं हा त्याचा धंदा, आणि स्वतःला दिसलेलं न बोलणं हा त्याचा स्वभाव. त्यामुळे त्यांचा संसार छान चालला होता.

मग त्यांना मुलगी झाली. गोल चेहऱ्याची, कायम रागावलेली. सासूबाई म्हणाल्या, "आईवर गेलीय. बघ कशी बघते, जणू आपण सगळेच शिळे."

धाकटी मुलीला अंगावर पाजत होती आणि दूध भरपूर होतं. तक्रारीला जागाच नव्हती, आणि तिची पंचाईत तीच होती. संध्याकाळ झाली की बाळी रडायची, पाय पोटाशी घ्यायची. मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गॅस आहे, सगळ्यांनाच होतो, जाईल. पण "सगळ्यांनाच होतो" हे वाक्य धाकटीच्या कानाला कधी पटत नाही. तिच्या कारखान्यात प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणतो.

"वहिनी," ती एकदा मला म्हणाली, "मी रोज जगाचं दूध तपासत होते. पोरीला देतेय ते कुणी तपासलंय?"

"ते कशाला कोण तपासेल?"

"तेच म्हणते मी."

बाळ दाखवायला म्हणून ती कारखान्यात गेली. सोबत मी होते. सगळे जण बाळीभोवती गोळा झाले, बाळी माझ्या कडेवर रागावून बसली, आणि धाकटी तेवढ्यात पर्समधली छोटी बाटली घेऊन तपासणीच्या खोलीत शिरली. आतली माहिती तिने परतीच्या रिक्षात सांगितली. पुरवठादाराचं नाव नसलेली बाटली टेबलावर ठेवायची नाही, हा नियम तिथे तिनेच केलेला. तो मोडायला तिचं मन धजेना. खरं नाव लिहायची लाज वाटली. म्हणून तिने चिठ्ठीवर लिहिलं, "नवीन गोठा."

"निकाल काय येणार ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "जंतू वाढवायची बशी कोरी येईल. पण एकदा डोळ्यांनी पाहिलं की बरं."

तिच्या सुट्टीत तिच्या जागी एक बदली साहेब बसले होते. मेहनती गृहस्थ. धाकटीनेच त्यांना तयार केलं होतं, त्यामुळे डोळे मिटून नियम पाळायचे. त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. धाकटीच्या मांडीवर बाळी होती, म्हणून तिने फोन ताटाशेजारी ठेवला आणि आवाज मोठा केला.

"मॅडम, तो नवीन गोठा कुठून शोधून काढलात तुम्ही?"

"का? काय झालं?"

"जिवाणू आहेत. बशीभर ठिपके. आणि प्रथिनं म्हणाल तर इतकी कमी, की निम्मं पाणीच घातलंय. वर गोड किती! पाणी लपवायला साखर ढकलली असणार. गवळी मुरलेला दिसतोय."

"साखर नाही घातलेली," धाकटी म्हणाली.

"तुम्ही त्याची बाजू घेताय, मॅडम? तुम्ही?"

माझ्या दिराने पाण्याचा पेला तोंडाला लावला होता, तो त्याने बराच वेळ खाली घेतला नाही.

"मला विचाराल तर," साहेब म्हणाले, "जनावराची कास एकदा बघून घ्यावी. आणि खरं सांगू का, असल्या जनावरावर वेळ घालवण्यापेक्षा गवळ्याला म्हणावं, दुसरं आण. कळवून टाकू नकार?"

"कळलाय," धाकटी म्हणाली आणि फोन बंद केला.

दीर पेला ठेवत म्हणाला, "मी काही दुसरं आणत नाही बरं का." हसावं की नाही हे कुणालाच कळेना. धाकटी उठून वर निघून गेली.

गायीची मापं बाईला लागत नाहीत एवढं तिला कळत होतं. आईच्या दुधात प्रथिनं कमी आणि साखर जास्त असायचीच, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. साहेबांच्या पाण्याने आणि साखरेने तिचं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते ठिपक्यांनी. त्या ठिपक्यांसाठी तिने आयुष्यभर टँकर परत पाठवले होते. तिने पुन्हा नमुना घेतला. या वेळी त्वचा पुसून, दूध काढायचा पंप उकळून, पहिली धार टाकून देऊन. पुन्हा ठिपके.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये काय काय खातेस तू?"

"आई, खाण्याचा संबंध नाही."

"मग कशाचा? माझी दोन मुलं वाढली माझ्या दुधावर. एक जंतू नव्हता त्यात."

"तुम्ही तपासलं होतं?"

"तपासायला काय झालं? आईचं दूध ते. त्यात जंतू कुठून येतील?"

"मला तरी तेच वाटत होतं," धाकटी म्हणाली.

सासू-सुनेचं इतकं एकमत त्याआधी कधी झालेलं मला आठवत नाही. चांगल्या दुधात जंतू नसतो हे दोघींना मान्य होतं. फरक एवढाच की त्यावरून सासूबाईंनी सून नापास केली आणि सुनेने दूध.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या मजल्यावर छोटा कारखाना सुरू झाला. धाकटी ठरलेल्या वेळी पंपाने दूध काढायची, गॅसवर पाण्याच्या भांड्यात ती बाटली ठेवायची, आत थर्मामीटर सोडायची, आणि जंतू मारायला कारखान्यात ज्या अंशावर दूध ठेवतात त्याच अंशावर ते ठेवायची. आच वाढली की खाली उतरवायची, कमी झाली की वर. मग बर्फाच्या पाण्यात गार करायचं, मग बुचाच्या बाटलीत, आणि मग बाळीला. तिने त्या दुधाचाही नमुना पाठवला. बशी अगदी कोरी आली. नवीन गोठा सुधारला म्हणून बदली साहेबांनी आनंदाने फोन केला आणि गवळ्याला काय दम दिला ते विचारलं.

मी कुणाच्या बाजूची होते असं मला कुणी विचारलं नाही. मी बाटल्या उकळत होते.

बाळीचं म्हणाल तर, बाटली तिला आवडली. बाटलीला जोर लावावा लागत नाही. पण पंप म्हणजे काही मूल नव्हे. मूल ओढतं तसं पंप ओढत नाही, भुकेलेला नसतो, आणि रडत तर मुळीच नाही. धाकटीच्या ठरलेल्या वेळा काटेकोर होत्या, पण दूध हळूहळू कमी यायला लागलं. आधी बाटली भरून वर उरायचं, मग गळ्यापर्यंत, मग खांद्यापर्यंत. ती पंप बदलून आली. त्यानेही तेवढंच काढलं. रिकामी जागा रोज दिसत होती.

शेवटी दोघींना घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बाळीला तराजूवर ठेवलं, आकडा बघितला, पुन्हा बघितला. वजन जागच्या जागी थांबलं होतं.

"अंगावर का पाजत नाही?" त्यांनी विचारलं.

धाकटीने सगळं सांगितलं. ठिपके, बशा, थर्मामीटर. टँकर परत पाठवणाऱ्या बाईच्या सुरात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. असतातच."

"काय असतात?"

"जिवाणू. आईच्या दुधात असतात. असायला हवेत. बाळ जन्मतं तेव्हा आतडं म्हणजे जवळजवळ रिकामी इमारत. कुणीतरी राहायला येणारच. आईकडून आले तर बरे भाडेकरू मिळतात, नाहीतर जो येईल तो बळकावतो. तुमच्या दुधात एक प्रकारची साखर आहे, ती बाळाला पचतसुद्धा नाही. ती या मंडळींसाठी आहे."

"म्हणजे त्यांचा डबाही मीच पाठवतेय?"

"तुम्हीच."

"आणि ते येतात कुठून?"

"काही तुमच्या कातडीवरून, काही बाळाच्या तोंडातून. काही तुमच्याच आतून येतात असंही म्हणतात. सगळं अजून कुणाला नीट कळलेलं नाही."

धाकटीने पर्समधून पेन काढलं. "मर्यादा किती?"

"कशाची?"

"किती चालतात? वरचा आकडा असेल ना."

"तसा आकडा नाही. तुम्हाला ताप असता, छातीत गाठ असती, दुखत असतं, तर गोष्ट वेगळी. बाळ अपुऱ्या दिवसांचं, अशक्त असतं, तरी वेगळी. तुमचं दोघींचं सगळं ठीक आहे. तापवलेलं दूध म्हणजे विष नाही, पण तापवण्याचं कारणही नाही. आणि खरी काळजी वेगळीच आहे. दूध चाललंय तुमचं. आत्ता पाजायला घेतलं नाही तर थोड्या दिवसांत पाजायला काही उरणार नाही."

"किती वेळाने पाजायचं?"

"ती मागेल तेव्हा."

पेन तसंच बंद करून धाकटीने पर्समध्ये टाकलं. जिन्यावर मला म्हणाली, "बेजबाबदार बाई आहे. एक आकडा द्यायला तयार नाही."

घरी आलो तर सासूबाईंनी मधल्या वेळात दुधाच्या पावडरीचा डबा आणून टेबलावर ठेवला होता. त्यांचा हेतू चांगला होता. नातीचं पोट भरणं महत्त्वाचं, आणि दुकानदाराने चांगला म्हणून दिलेला डबा होता. धाकटीने तो हातात घेतला, उलटा केला आणि तळावरचा शिक्का बघितला. डबा तिच्याच कारखान्याचा होता.

"घे ना," सासूबाई म्हणाल्या. "बंद डबा आहे. यात तरी काही नसेल."

"असतात, आई."

"काय?"

"यातही असतात. थोडे. मर्यादेत." ती डब्याकडे बघत होती. "ही पावडर माझ्याच हाताखालून गेलीय. शून्य कधीच नसतं. शून्य मागितलं तर कारखाना बंद करावा लागेल."

"मग तू पास कशी केलीस?"

"आकडा होता म्हणून."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. मला वाटतं, जगातलं सगळं दूध एकाच दुपारी त्यांच्या हातून गेलं. "म्हणजे माझ्याही..." असं काहीतरी म्हणून त्या थांबल्या.

"तुमच्याही," धाकटी म्हणाली, पण हळू आवाजात.

तरी ती लगेच ऐकेल तर ती धाकटी कसली. ती एकटीच पुन्हा कारखान्यात गेली. या वेळी बाळीच्या तोंडातून बोळा फिरवून नेला होता आणि स्वतःचं न तापवलेलं दूधही. दोन्ही बशा तिने स्वतः मांडल्या, दोन दिवसांनी पुन्हा जाऊन स्वतः बघितल्या. परत आली ती सरळ माझ्या खोलीत.

"वहिनी, दोन्ही बशा शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते सांगता येणार नाही. आता नुसत्या दिसण्यावरून खात्री देता येत नाही, ते मला कळतं. पण तोच रंग, तशाच कडा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी माल परत पाठवतेय आणि गिऱ्हाईकाच्या घरात तोच माल भरलेला आहे. तिचं माझ्याकडे येतंय, माझं तिच्याकडे जातंय. यात मी बसून नेमकं काय अडवत होते?"

तिने बाळीला घेतलं आणि पाजायला बसली.

इथे गोष्ट संपती तर बरं झालं असतं, पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं बाळीला कुणी समजावलेलं नव्हतं. ती बाटलीची झाली होती. छातीशी धरलं की धनुष्यासारखी वाकायची, मुठी आवळायची, आणि असं रडायची की रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने एकदा घरी येऊन सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. धाकटी घामाघूम व्हायची. बाळी थोडं ओढायची, धार लगेच आली नाही की चिडून तोंड फिरवायची. बाटली समोर धरली की हसायची.

"आता ती मला नापास करतेय," धाकटी म्हणाली. हसत म्हणाली, पण नाक लाल होतं.

सासूबाई तिथेच होत्या. इतके दिवस त्यांच्या जिभेवर काय काय तयार असेल याची मला कल्पना होती. त्या म्हणाल्या, "पोरगी आहे की अधिकारी! बस जरा, मी तुझ्या पाठीला उशी लावते." आणि खरंच लावली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, भूक कडकडून लागायच्या आधी घ्या, अर्धवट झोपेत असताना घ्या, अंगाला अंग लागू द्या, घड्याळाकडे बघू नका. शेवटची अट धाकटीला सगळ्यात जड गेली. बरेच दिवस असेच गेले. पंपाने येणारं दूध बाटलीच्या तळाशी उरलं होतं. पावडरीचा डबा उघडावा लागला, आणि एका दुपारी ती म्हणाली, "उद्यापासून नाही जमलं तर सोडून देते. पोरीला उपाशी ठेवून मला काही सिद्ध करायचं नाही."

त्याच दुपारी बाळी माझ्या पलंगावर झोपेतून जागी होत होती. डोळे मिटलेले, ओठ नुसतेच हलत होते. धाकटीने तिला अलगद उचलून कुशीत घेतलं. काही वेळ काहीच नाही. मग घोट गिळल्याचा आवाज आला. मग दुसरा. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मला खूण केली की बोलू नकोस. मी बोलणार नव्हतेच. श्वास घ्यावा की नाही याच विचारात होते.

पुरेसं आलं की नाही कुणास ठाऊक. संध्याकाळी बाटली द्यावीच लागली, आणि ती एक बाटली पुढेही कायम राहिली. पण त्या वेळी बाळी पीत होती, डोळे न उघडता, कपाळावर आठी घालून, आपलं काम करणाऱ्या माणसासारखी.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. तो माझ्याजवळ होता म्हणून मीच घेतला. बदली साहेब होते. दारात एक टँकर उन्हात उभा होता, वास जरासा वेगळा येत होता, पण तपासणीत मर्यादेच्या आतच होता. घ्यावा की परत पाठवावा ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मॅडमना एवढं विचाराल का?

मी फोनवर हात ठेवून विचारलं.

धाकटीने मान वर केली नाही. तिचा हात एकाच जागी आखडला होता आणि तिने तो तसाच ठेवला होता.

"त्यांना म्हणावं, तुमचं तुम्ही ठरवा," ती कुजबुजली. "मला आत्ता हलता येत नाही."

मी तसंच सांगितलं. पलीकडून साहेबांनी विचारलं, "हा मॅडमचाच नंबर ना?"